साखरेविना ओट्सचे बार: भुगा का होतो आणि ओलसर का पडतात

डोंबिवलीच्या एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सात आणि अकरा वर्षांची दोन मुले आहेत, यजमान सकाळी सातच्या सुमारास लोकल पकडतात आणि त्यांची रक्तातील साखर अलीकडे काठावर आली आहे. म्हणून खजूर आणि पिकलेले केळे घालून, साखर अजिबात न वापरता, त्यांनी ओट्सचे बार केले. पहिल्या वेळी कापताना सगळा भुगा झाला. दुसऱ्या वेळी बार सुरेख निघाले, पण तिसऱ्या दिवशी डब्यात ओलसर होऊन त्यांना आंबूस वास येऊ लागला. खजुराऐवजी गूळ किंवा मध घातला तर चालेल का, आणि रोजच्या न्याहारीऐवजी हे बार दिले तर पुरतील का, असेही त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. साखर वड्यांमध्ये केवळ गोडी आणत नाही. ती पाक होऊन सगळे जिन्नस एकमेकांना धरून ठेवते, आणि पदार्थातले पाणी स्वतःकडे बांधून ठेवून बुरशीला ते मिळू देत नाही. चिक्की महिनाभर टिकते ती यामुळेच. साखर काढून टाकली की ही दोन्ही कामे कोणावर तरी सोपवावी लागतात. खजूर पहिले काम उत्तम करतो आणि दुसरे बऱ्यापैकी करतो; केळे मात्र दोन्हींत अडथळा आणते, कारण पिकलेल्या केळ्यात सुमारे ७५ टक्के पाणी असते, तर मऊ खजुरात २० ते ३० टक्केच. तुमचे पहिले बार सुटले ते दाब आणि बारीक पीठ कमी पडल्यामुळे असावेत, आणि दुसरे बिघडले ते निश्चितच पाण्यामुळे. म्हणून टिकाऊ बारमधून केळे वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. केळ्याची चव हवीच असेल, तर वसईची सुकेळी मिळाल्यास ती बारीक चिरून घालावीत. राजेळी केळी वाळवून केलेली असल्यामुळे ती पाणी न वाढवता गोडी आणि दाताखाली येणारा चिवटपणा दोन्ही देतात. ताज्या केळ्याचे बार करायचेच झाले, तर ते फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवायचे, हे आधीच ठरवून करावेत.

ओट्स निवडताना पाकिटावर ‘रोल्ड’ असे लिहिलेले, जाड पाकळीचे घ्यावेत. झटपट शिजणारे ओट्स पातळ आणि तुटक असल्यामुळे खजुराच्या ओलाव्यात लगेच विरघळतात आणि बार खिरीसारखा गिळगिळीत लागतो. उलट ‘स्टील कट’ म्हणून मिळणारे कापीव ओट्स भट्टीत पुरेसे मऊ होत नाहीत आणि दाताखाली कचकच करतात. जाड ओट्समधला एक तृतीयांश भाग मिक्सरमधून जाडसर रव्यासारखा काढून घ्यावा. या एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पाकळ्या एकमेकींवर आडव्यातिडव्या बसतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. त्या पोकळ्या हे पीठ भरून काढते, आणि खजुराच्या गोळ्याला धरायला सलग पृष्ठभाग मिळतो.

ओट्स भाजून घेणे मी ऐच्छिक मानत नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहाबारा मिनिटे सतत हलवत भाजावेत, रंग किंचित बदलला आणि भाजलेल्या दाण्यांसारखा वास सुटला की परातीत काढून पसरावेत. कढईत तसेच ठेवले तर खालचे करपतात. भाजल्याने चव तर येतेच, पण हवेतून ओट्सनी शोषलेला ओलावाही निघून जातो, आणि मुंबईत तो ओलावा लहानसहान नसतो. बदाम, शेंगदाणे, तीळ आणि भोपळ्याच्या बिया वेगवेगळ्या भाजाव्यात, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा असतो. अक्रोड घालणार असाल तर आधी एक चावून पाहा. खवट झालेला अक्रोड कितीही भाजला तरी सुधारत नाही, आणि असे दोनचार तुकडे संपूर्ण घाण्याची चव बिघडवतात.

आता खजुराकडे वळू, कारण सगळे यश त्याच्या गोळ्यावर अवलंबून आहे. क्रॉफर्ड मार्केट किंवा मस्जिद बंदर भागात, आणि रमजानच्या दिवसांत तर जवळजवळ कोठेही, काळा, मऊ, पातळ सालीचा किमिया खजूर मिळतो. तो घेतला तर पाणी जवळजवळ लागतच नाही. दाबून पाकीटबंद केलेला तपकिरी खजूर स्वस्त आणि चांगला असतो, पण कोरडा असतो. खारीक या कामाला उपयोगाची नाही. रात्रभर भिजवली तरी तिचे धागे राहतात. खजूर कोणताही असो, ‘बिनबियांचा’ असे लिहिलेले असले तरी प्रत्येक खजूर उभा चिरून आत पाहावा. बीचा तुकडा, धूळ, क्वचित कीडही सापडते, आणि मिक्सरमधून फिरवल्यानंतर ती शोधता येत नाही.

बहुतेक पाककृती खजूर गरम पाण्यात भिजवायला सांगतात. तेथेच घोटाळा होतो, कारण भिजलेल्या खजुराने किती पाणी पिऊन घेतले हे कळायला मार्ग राहत नाही. मी खजूर वाफवते. मोदकपात्राच्या चाळणीत सुती कापड घालून त्यावर चिरलेला खजूर पसरावा आणि झाकण ठेवून सहासात मिनिटे वाफ द्यावी. किमिया असेल तर तीन मिनिटेही पुरतात. वाफवलेला खजूर गरम असतानाच मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दोन चमचे साजूक तुपाबरोबर घालावा आणि थांबून थांबून फिरवावा. पाते अडकले तर पाणी ओतण्याऐवजी भांडे उघडून कडेचा गोळा उलथन्याने मध्ये ढकलावा. अगदीच फिरेनासे झाले तर उकळते पाणी एक चमचा घालावे, मग आणखी एक, याप्रमाणे. तयार गोळा चमच्यात घेऊन चमचा उलटा केला तर तो खाली पडता कामा नये. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये थोडासा दाबून बोटे हळूच दूर केली, की आखूड, जाड तार दिसावी आणि लगेच तुटावी. तार लांब आणि पातळ येत असेल, बोटांवर चकाकी राहत असेल, तर पाणी जास्त झाले आहे. अशा वेळी गोळा नॉनस्टिक तव्यावर मंद आचेवर परतून कडा सुटेपर्यंत आटवून घ्यावा. ही खूण एकदा हाताला कळली, की पुढे मापाच्या कपाचीही फारशी गरज पडत नाही.

माप असे धरावे: जाड ओट्स २०० ग्रॅम, बी काढलेला खजूर १८० ग्रॅम, साखर न घातलेले शेंगदाण्याचे बटर ८० ग्रॅम, भरड केलेला सुकामेवा आणि बिया मिळून १०० ग्रॅम, जवसाची भाजून केलेली पूड एक मोठा चमचा, साजूक तूप दोन मोठे चमचे आणि पाव लहान चमचा मीठ. शेंगदाण्याचे बटर विकत आणायची आवश्यकता नाही; भाजून सोललेले दाणे मिक्सरमध्ये धीराने फिरवत राहिले की आधी कूट होते, मग त्याला तेल सुटते आणि ते आपोआप मऊ लोण्यासारखे होते. मीठ मात्र टाळू नये, कारण कमी गोडी असलेल्या पदार्थात तेच गोडी वर आणते. वेलदोडा, सुंठ, दालचिनी, जायफळ यांपैकी घरात आवडेल ते घालावे. अंड्याची गरज नाही.

खजुराचा गोळा आणि शेंगदाण्याचे बटर कोमट असताना एकत्र फेटावे, त्यावर कोरडे जिन्नस घालावेत आणि हाताने मळावे. चमच्याने हे काम होत नाही. पाच मिनिटे नीट मळल्यावर मूठ भरून दाबून पाहावी: मूठ उघडल्यावर मुटका अखंड राहिला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर तुटला पाहिजे. उघडताच फुटला तर एखादा चमचा गरम पाणी घालावे, तळवा ओला झाला तर मूठभर ओट्सचे पीठ मिसळावे. नंतर पंधरा मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे ओट्स ओलावा सारखा शोषून घेतात.

२० सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी केकच्या भांड्यात बटर पेपर असा घालावा की दोन बाजूंनी तो वर येईल आणि नंतर सगळी लादी त्याला धरून उचलता येईल. मिश्रण पसरून सपाट बुडाच्या वाटीने दाबावे, आणि दाबताना मनापासून वजन टाकावे. कोपरे आणि कडा विशेष दाबाव्यात, कारण बार सुटू लागतो तो तेथूनच. पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत दिसेपर्यंत दाबत राहावे.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १६० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे आधी तापवून, खालीवर दोन्ही कांड्या चालू ठेवून, मधल्या जाळीवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान १४० ते १४५ अंश ठेवावे. मुंबईतल्या आपल्या छोट्या स्वयंपाकघरांत ओटीजीही लहानच असतो, वरची कांडी पदार्थाच्या अगदी जवळ येते आणि खजूर लवकर कडवटतो, म्हणून पंधरा मिनिटांनी वरून फॉइल सैलसर झाकावी. कडा बदामी झाल्या आणि मधला भाग बोटाला अजून थोडा मऊ लागला, की बाहेर काढावे. पूर्ण कडक होण्याची वाट पाहिली तर थंड झाल्यावर तो दगडासारखा होतो. ओव्हन नसेल तर झाकणाच्या जाड कढईत स्टँड ठेवून मंद आचेवर हेच काम चाळीसेक मिनिटांत होते. रंग कमी येतो, चवीला उणेपणा नसतो. नुसत्या मायक्रोवेव्हवर मात्र भाजण्याचा प्रयत्न करू नये.

त्यानंतरचा तास कठीण असतो, कारण घरभर वास सुटलेला असतो आणि मुले कापा म्हणून मागे लागतात. गरम असताना सुरीने फक्त खुणा कराव्यात. लादी जाळीवर पूर्ण थंड होऊ द्यावी, तासभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि मग धारदार, लांब सुरी वरून सरळ खाली दाबून सोळा तुकडे करावेत. करवतीसारखी सुरी मागेपुढे केली तर ओट्स उपटून येतात, आणि तुम्ही वर्णन केलेला भुगा बहुधा येथेही वाढला असावा.

ओलसरपणाबद्दल आणखी थोडे सांगायला हवे. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईची हवा इतकी दमट असते की पोळीच्या डब्यातही घाम येतो. खजूर, गूळ आणि मध हे तिन्ही हवेतले पाणी ओढून घेणारे पदार्थ आहेत. म्हणून पावसाळ्यात मी बार दुसऱ्यांदा भाजते: कापलेले तुकडे सुटे करून, मध्ये बोटभर अंतर ठेवून, १४० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे. सर्व बाजूंनी पातळ, कोरडी साल धरली जाते आणि ओलावा आत शिरायला वेळ लागतो. डब्यात भरण्यापूर्वी ते पूर्ण गार झाले आहेत याची तळहातावर ठेवून खात्री करावी, कारण कोमट बार झाकले तर झाकणाला आतून थेंब जमतात आणि तेच थेंब तिसऱ्या दिवशी आंबूस वास देतात. थरांमध्ये बटर पेपर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेले हे बार थंडीत आठवडाभर बाहेर राहतात. पावसाळ्यात दोनतीन दिवसांपलीकडे बाहेर ठेवू नयेत, फ्रिजमध्ये दहा दिवस चांगले राहतात. आंबूस वास आलेले बार पुन्हा भाजून वापरू नयेत, ते टाकून द्यावेत.

गूळ चालतो. बार बांधण्यासाठी तर तो खजुरापेक्षाही सोपा आहे: ८० ग्रॅम किसलेला गूळ एक मोठा चमचा पाण्यात मंद आचेवर फक्त विरघळवावा, गाळावा आणि तुपासह मिश्रणात घालावा, खजूर निम्मा करावा. पाक पुढे जाऊ दिला तर बारची चिक्की होते. फार पिवळाधमक गूळ टाळून गडद रंगाचा घ्यावा. मात्र गूळ घातला म्हणजे साखर टाळली, असा समज करून घेऊ नये. गुळातला मोठा भाग साखरच असते, आणि यजमानांच्या रक्तापुरता दोहोंत फारसा फरक नाही. मधाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मध आणि फळांचे रस यांतली साखर ‘मुक्त साखरे’तच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटात, धरली आहे आणि ती दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवावी असे सांगितले आहे. शिवाय मध भट्टीत लवकर काळवंडतो, आणि तो तापवू नये असे आयुर्वेद मानणाऱ्या आपल्याकडच्या अनेक घरांत पाळलेही जाते. मी भाजायच्या बारमध्ये मध घालत नाही. एक वर्षाखालील बाळाला तर मध कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यात बोटुलिझम या गंभीर आजाराचे बीजाणू असू शकतात आणि घरगुती भट्टीच्या उष्णतेने ते मरत नाहीत.

खजुरालाही पूर्ण सूट देऊ नये. अखंड फळातली साखर मुक्त साखरेत मोजत नाहीत हे खरे, पण ब्रिटनमध्ये वाटून लगदा केलेल्या फळांची साखर मुक्त साखरेतच धरतात, आणि मला ती भूमिका योग्य वाटते. वर दिलेल्या मापाच्या सोळा तुकड्यांपैकी एकात अंदाजे १६० कॅलरी, १९ ग्रॅम कर्बोदके, त्यांतली खजुराची साखर सातेक ग्रॅम, साडेचार ग्रॅम प्रथिने आणि तीन ग्रॅम तंतू येतात. बाजारातल्या बऱ्याच बारपेक्षा हे चांगले आहे, तरी तो गोड खाऊच आहे. ओट्समुळे कोलेस्टेरॉल उतरते म्हणून कितीही खावे, असेही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या आरोग्याविषयी दावा करायला परवानगी दिली, ती दिवसाला किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूच्या हिशेबाने. आपल्या एका बारमध्ये ते जेमतेम अर्धा ग्रॅम असते.

तेव्हा न्याहारीऐवजी बार, याला माझे उत्तर असे: एकटा बार पुरणार नाही. मुलांना एक बार आणि कपभर दूध, किंवा एक बार आणि उकडलेले अंडे, अशी जोड दिली तर शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत नीट पोट राहते. अकरा वर्षांच्या मुलाला दोन चालतील. आठवड्यातून तीनचार दिवस हे द्यावे आणि उरलेल्या दिवशी पोहे, उपमा, थालीपीठ आपापल्या जागी असू द्यावेत. ओट्स त्यांच्याहून श्रेष्ठ आहेत असे मला कधीच वाटलेले नाही, त्यांची सोय मोठी आहे एवढेच. खजूर दातांत अडकून राहतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरायची सवय लावावी. शाळेत दाणे आणि सुकामेवा आणायला मनाई असेल तर शेंगदाण्याऐवजी सूर्यफुलाच्या बियांचे बटर आणि बदामांऐवजी भोपळ्याच्या बिया घालाव्यात; बांधणी तितकीच पक्की होते. पाच वर्षांखालची पाहुणी मुले येणार असतील, तर सुकामेवा तुकड्यांत न ठेवता पूड करून घालावा, म्हणजे घशात अडकण्याचा धोका कमी होतो.

यजमानांसाठी वेगळा घाणा करण्यापेक्षा त्याच लादीच्या एका बाजूचे तुकडे निम्म्या आकाराचे कापावेत. असा एक छोटा तुकडा त्यांनी चहाबरोबर, रिकाम्या पोटी खाण्याऐवजी अंडे, पनीर किंवा मोड आलेल्या मुगांसारख्या प्रथिनांच्या पदार्थानंतर खावा, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी साखर मोजून पाहावी. त्यांच्या शरीराला काय मानवते हे त्यावरून कळेल आणि डॉक्टरांना दाखवायला नोंदही राहील. खजूर १८० वरून १४० ग्रॅमपर्यंत खाली आणता येतो, मात्र तेवढ्यासाठी शेंगदाण्याचे बटर दोन चमचे वाढवावे लागते, नाहीतर पुन्हा भुग्याची तक्रार सुरू होईल.

सकाळच्या घाईसाठी रविवारी दोन लाद्या भाजाव्यात. आठवड्याचे बार फ्रिजमध्ये आणि बाकीचे एकेक बटर पेपरमध्ये गुंडाळून, हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत; तेथे ते दोन महिने उत्तम राहतात. फ्रीझरमधला बार रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवावा आणि कागद न सोडता तसाच डब्यात द्यावा, म्हणजे वितळताना जमणारे पाणी कागदाच्या बाहेर राहते आणि बार कोरडा निघतो.